राखेच्या बेटावरची हजेरी

अपघाताच्या रकान्यात मी 'निरंक' लिहिलं नाही, म्हणून माझी बदली जिंतूरला झाली. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

१९५७ साली मी परभणीच्या कचेरीत जुनी उर्दू दप्तरं मराठीत उतरवायचो. गंगाखेडच्या खालच्या अंगाला गोदावरीच्या पात्रात राखेचं बेट आहे. तिथे नावघाट होता. दोन्ही तीरांचा कापूस होड्यांनी तिथल्या जिनिंग कारखान्यात यायचा आणि बॉयलरची राख पडून पडून काठ काळा झालेला. आठ वर्षं बंद पडलेला तो कारखाना मालकाला पुन्हा सुरू करायचा होता. साहेबांनी मला परवान्यासाठी बेटाचा इतिहास लिहायला धाडलं.

"अपघात निरंक लिहा," निघताना त्यांनी बजावलं.

कारखान्याच्या कपाटात हजेरीचं बुक सापडलं. १९४९चा भादवा. बावीस बायकांच्या नावांपुढे एकच शेरा होता : 'बिला इत्तिला गैरहाजिर.' न कळवता गैरहाजर.

"एकाच दिवशी बावीस?" मी होडीवाल्या सटवाजीला विचारलं.

"गंगेला पूर व्हता. बाया न्हाई म्हनल्या. मॅनेजरनं भोंगा वाजवला. म्हनला, गोदामात सरकी भिजायलीय, जी येनार न्हाई तिनं पुन्हा येऊच नये." त्यानं पात्राकडे बोट केलं. "मीच वल्हवत व्हतो, सायेब. मी तेवढा काठाला लागलो."

माझं डोकं भणाणलं. बुडालेल्या बायकांवर न कळवल्याचा ठपका! कुणाला कळवायचं होतं त्यांनी? आणि कुठून?

बुक काखेत मारून चारच्या सुमारास परत निघालो. होडीत आम्ही दोघंच, तरी पाणी कडेपासून चारच बोटं खाली होतं. तळ गळतोय असं वाटून मी चाचपून पाहिलं. कोरडा. सटवाजीला धाप लागली होती.

"येताना अशी नव्हती," मी म्हणालो.

"बेटाकडं येताना हलकी ऱ्हाती. घराकडं निघाली की जड. रोजच."

मधल्या धारेत पाणी कडेवरून आत आलं. भीतीपेक्षा माझा संताप मोठा होता. मी बुक उघडलं आणि मोठ्यानं हजेरी घेतली.

"तानुबाई!"

होडी जराशी वर आली.

मी थांबलो. सटवाजीनं वल्हं सोडलं.

"वाचा सायेब."

"कडूबाई. चतुराबाई. बायनाबाई."

प्रत्येक नावाला कड वर सरकत होती. पाणी मात्र हलत नव्हतं.

बाविसावं नाव होतं केवळाबाई.

"माझी कारभारीण," सटवाजी हळूच म्हणाला.

होडी पिसासारखी काठाला लागली. आम्ही उतरलो.

"बावीसच्या बावीस लिहितो," मी म्हणालो. "नोकरी गेली तर जाऊ द्या."

"तेवीस." त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. "बाळंत व्हऊन आठ दिस झाले व्हते तिला. लेक वटीत व्हती."

मी पेन्सिल काढली. "नाव सांगा."

"बारसं कुठं झालं व्हतं?"

वारा पडला होता. पात्रावर एक तरंग नव्हता. रिकामी होडी पाळण्यासारखी एका लयीत झुलत होती, थांबत नव्हती.