थांब मारलेलं बिल

यात मी काही वाढवून सांगत नाहीये. एक-दोन ठिकाणी कमीच सांगते आहे.

तारीख ९ जानेवारी २०२५, गुरुवार. जागा दिल्लीजवळचं मानेसर. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याचा अकाउंट्स विभाग.

वेळ रात्रीची नव्हती. दुपारचा सव्वा वाजला होता.

पण आधी १४ नोव्हेंबरचं सांगायला हवं. आमच्या घरातला तो शेवटचा साधा दिवस.

माझे बाबा, यशवंत गजभिये, त्या विभागात सव्वीस वर्षं बिलं तपासत होते. मूळचे भंडाऱ्याचे. निवृत्तीनंतरही कंपनी त्यांना एकेक वर्षाची मुदत देत होती. बिलाबद्दल शंका आली की ते टेबलावर पेन्सिल दोनदा आपटायचे आणि कोपऱ्यात लिहायचे, 'थांब'. मराठीतच. तिथल्या लोकांनी त्याचा ऑफिसचा शब्द करून टाकला होता. "गजभिये साब ने थांब मार दिया" म्हणजे बिल अडकलं.

मी नोएडातल्या एका कंपनीत आहे. आम्ही एआय बसवून देतो. ईमेलने आलेलं बिल ते वाचतं, ऑर्डरशी आणि गेटवरच्या नोंदीशी ताडून बघतं. जुळलं तर पुढे पाठवतं, नाही तर अडवतं. बाबांच्या कारखान्याचं काम आम्हाला मिळालं ते त्यांनीच माझं नाव सुचवल्यामुळे. तीन महिने शेजारी खुर्ची टाकून त्यांनी मला सगळं शिकवलं.

त्या सकाळी दिल्लीतल्या द्वारकेहून आम्ही कंपनीच्या बसने एकत्रच निघालो. बाहेर धुरकं होतं. पुढची गाडी दिसत नव्हती.

"तुझं मशीन माझ्यासारखं चिडणार का?" बाबांनी विचारलं.

"नाही. आणि दर तासाला चहाही मागणार नाही."

"मग काय कामाचं, यार." ते हसले. "असो. त्याला सांभाळायला माणूस लागेलच. माझी मुदत पक्की."

मी खिडकीबाहेर पाहिलं.

आदल्या दिवशीच मी माझा अहवाल कारखान्याला पाठवला होता. चौथ्या पानावर शिफारस होती : तपासणीचं एक पद कमी करता येईल.

तपासणीचं पद एकच होतं.

दुपारी त्यांना बोलावून सांगितलं गेलं, डिसेंबरनंतर मुदत नाही. परतताना बसमध्ये ते माझ्या शेजारी बसले. मग माझ्या हातावर थोपटून म्हणाले, "वरच्यांनी ठरवलं असेल. तुझ्या मशीनमुळे झालं असं मनात आणू नकोस, बेटा."

मी म्हटलं, "हो."

रविवारी निवांत सांगेन असं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी आई त्यांना उठवायला गेली. ते उठले नाहीत.

*

काम अर्धवट होतं. ते पूर्ण करायला मीच गेले. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी सिस्टिम सुरू झाली. तीन दिवस सगळं सुरळीत होतं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनला गेले. माझा सहकारी हितेशही गेला. हॉलमध्ये मी एकटी. हीटरची घरघर तेवढी होती.

मग ती घरघर ऐकू येईनाशी झाली. हीटर चालू होता. तार लाल होती. आवाज मात्र…

नव्हता.

आणि हॉलच्या टोकाकडून…

टक. टक.

टोकाला बाबांचं टेबल होतं. रिकामं. त्यांचा कॉम्प्युटरही उचलून नेला होता.

मी पुन्हा स्क्रीनकडे पाहिलं. एक बिल अडलं होतं. अडवण्याची कारणं इंग्रजीतच येतात. अकरा ठरलेली वाक्यं, मीच लिहिलेली. त्या रकान्यात एकच शब्द होता…

थांब.

मी हितेशला फोन केला. तो हात पुसत आला आणि वाकून बघत म्हणाला, "दीदी, पुराने डेटा में होगा. अंकल का लिखा हुआ सीख लिया इसने."

मला हायसं वाटलं. क्षणभरच.

"हितेश, पेन्सिल का लिखा तो तुमने साफ किया था ना? सब पन्नों से?"

त्या खुणांमुळे मशीन गोंधळलं असतं. म्हणून मशीनला शिकवण्याआधीच मी हितेशला सगळ्या जुन्या बिलांच्या स्कॅनवरून त्या पुसायला लावल्या होत्या. 'थांब' हा शब्द त्या मशीनने कधी पाहिलेलाच नव्हता.

हितेशने कीबोर्ड पुढे ओढला. हा शेरा कोणी लिहिला, ते त्याने नोंदीत शोधलं. तिथे एक तर माणसाचं नाव असतं किंवा सिस्टिमचं.

रकाना… रिकामा होता.

"ये खाली रह ही नहीं सकता, दीदी."

तोवर मी बिल कुणाचं आहे हे पाहिलंच नव्हतं. ते आमच्याच कंपनीचं होतं. या कामाचा शेवटचा हप्ता. सोबत पुरावा म्हणून माझा अहवाल जोडलेला.

शंका असेल तिथे सिस्टिम पिवळी चौकट काढते. ती बहुतेक वेळा रकमेभोवती असते. या वेळी रकमेभोवती काहीच नव्हतं. मी पानं सरकवत गेले. दुसरं. तिसरं.

चौथ्या पानावर… एका वाक्याभोवती चौकट होती.

तपासणीचं एक पद कमी करता येईल.

आणि खाली दुसरी चौकट. 'तयार करणार : श्रावस्ती गजभिये.'

"दीदी, चलो," हितेश हळूच म्हणाला. "बाहर चलते हैं."

"तू जा. मैं आती हूँ."

तो गेला.

नंतर आम्ही सगळं दोनदा तपासलं. मशीनला नव्याने शिकवलं. बाकीची बिलं जातात. ते एक अजून तिथेच आहे. माझे साहेब विचारतात, मी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. मानेसरला मी परत गेलेले नाही. आईला यातलं काहीच ठाऊक नाही. तिच्यासमोर बसून जेवणं मला अजून जड जातं.

पण हितेश गेल्यावर काय झालं, ते राहिलं.

पुन्हा तोच आवाज आला.

टक. टक.

या वेळी तो टोकाच्या टेबलावरून आला नाही. माझ्या उजव्या हाताला, जिथे ते तीन महिने खुर्ची टाकून बसायचे…

तिथून आला.

मी वळले नाही. तिसरा टक आला नाही. कुणीतरी शेजारी बसून उत्तराची वाट पाहत असावं, तशी शांतता होती.

मी स्क्रीनकडे बघतच बोलले. मोठ्याने. मराठीत.

"बाबा, वरच्यांनी नाही ठरवलं. मी लिहिलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी लिहिलं. आणि बसमध्ये तुम्ही माझीच समजूत घालत होतात, तेव्हा मी ती घालू दिली."