पट्टीवरचा गुलाबी रंग

शिवाजी पेठेतल्या पाणी तपासणीच्या लॅबमध्ये तिथंच काम करणारी शांभवी उन्हातून धापा टाकत शिरली, काउंटरवरची बाटली उचलली आणि दोन घोट घेतले.

"म्याडम… ते तपासायला आणलंय."

जयसिंगपूरचा वीरेश हसू दाबत उभा होता. जारचं पाणी विकायचा त्याचा धंदा.

"आधी सांगायचं की," ती ओशाळली.

"आता चव तर सांगा."

"गोड आहे."

"मग रिपोर्टात तसंच लिवा."

मग तो येतच राहिला – कधी बाटली घेऊन, कधी नुसताच. येताना वाडीच्या देवळाबाहेरची बासुंदी आणायचा आणि ती खाईपर्यंत तिच्याकडं बघत बसायचा. दोन्ही घरं एकाच समाजातली. लग्नाला होकारही लगेच आले.

श्रावणात एके दुपारी तो भिजून आला. "चौकातल्या प्रसूतिगृहाची ऑर्डर मिळतीय. नायट्रेटचा रिपोर्ट पायजे."

तिनं पाण्यात पट्टी बुडवली. हळूहळू गुलाबी रंग चढला; जितका गडद, तितकं नायट्रेट जास्त.

"फिकाच हाय," तो म्हणाला.

तिला तो गडद वाटत होता. "डोळ्यांचा भरवसा नको. मशिनवर लावते."

"पट्टीवरनंच लिवून दे की."

"पट्टी अंदाजापुरती असते, वीरेश. तिथं तान्ह्या बाळांची दूधपावडर याच पाण्यात कालवणार. नायट्रेट जास्त असलं तर बाळ निळं पडतं."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "मशिनवर काय येणार, ठाऊक हाय मला. विहिरीभोवती सगळा ऊस, खताचा मारा… दुसरीकडं तपासून घेतलं हुतं."

"मग माझ्याकडं कशाला आणलंस?"

"तू न्हाय म्हणणार न्हाईस, असं वाटलं."

तिनं पट्टी बाजूला ठेवली. "पहिल्यापासून हेच होतं मनात?"

"पहिल्यापासून न्हाय…"

तिनं पाणी मशिनवर लावलं. आकडा मर्यादेच्या दुपटीला टेकला होता. तिनं रिपोर्ट काढला, सही केली, त्याच्या हातात दिला.

"माझा जीव हाय तुझ्यावर, शांभवी. ते खोटं न्हाय."

"नसेल," ती म्हणाली. "म्हणून तर जास्त लागतंय. घरी मी सांगते… तू येऊ नकोस."

तो पावसातच निघून गेला. तिनं खुर्ची ओढली, प्रसूतिगृहाचा नंबर शोधला आणि आवाज कापणार नाही याची खात्री झाल्यावर फोन लावला.