धुतलेली मूस

दुकानाच्या फळीवर सगळ्यात छोट्या मापाची मूस एकच उरली होती आणि तिच्यावर हात मात्र दोन पडले.

एक हात सोनाराच्या लेकीचा, सोनं आटवताना लागणाऱ्या टाकणखाराने खरखरीत झालेला. दुसरा इतका स्वच्छ, की त्या स्वच्छपणाचाच तिला आधी राग आला.

"मी आधी धरली," स्वच्छ हाताचा मालक म्हणाला.

"धरलीत. पण वाजवलीत का?"

तिने मूस कानाशी नेली आणि नखाने टिचकी मारली. आवाज खणखणीत आला. सोनं आटवायची ही मातीची वाटी; तडा असला की बद्द वाजते. हे तिला अक्षरं गिरवण्याआधी बाबांनी शिकवलं होतं.

"माझ्या तीन फुटल्या," तो म्हणाला. जणू बक्षिसंच मिळाली होती. समोरच्या इमारतीत तो दातांवरच्या सोन्याच्या टोप्या बनवायचा. "ज्योत लावली की फुटतात."

"कोरी मूस… थेट ज्योतीखाली?" तिने कपाळाला हात लावला.

"पुढचा माल पंधरा दिवसांनी," दुकानदारकाका वर न बघता म्हणाले. "भांडण बाहेर करा."

तिला पंधरा दिवस थांबणं शक्यच नव्हतं. बाबांचे हात आता थरथरायचे. आत्याची तुटलेली बांगडी तिने उद्या एकटीने आटवायची होती. जमलं तर कारखान्याची किल्ली तिची, नाही तर महिनाअखेर कुलूप. बाबा एकदा बोलले की बोलले. जुन्या मुशींत चांदी आटवलेली होती आणि चांदीच्या मुशीत सोनं घालणं तिच्या घरात पाप होतं.

तिचा चेहरा बघून त्याने हात काढून घेतला. "घ्या तुम्ही. पण तयार कशी करतात, ते मला दाखवायचं."

तिला नाही म्हणायचं होतं. नक्की म्हणायचं होतं.

दुपारी तो कारखान्यात स्टुलावर बसला होता आणि तिच्या कोपराला लागत होता. तिने मूस आधी लांबून शेकली, मग हळूहळू जवळ घेतली.

"किती वेळ?"

"ओल जाईपर्यंत. घाई केली की फुटते."

"आणि घाई नाही केली तर?"

"तर शेजारी बसलेला माणूस प्रश्न विचारतो."

मूस लाल झाल्यावर तिने चिमूटभर टाकणखार टाकला आणि चिमट्याने वाटी फिरवली. आतून काचेसारखी चकाकी चढली. तो मुशीकडे बघत नव्हता, हे तिला न बघताही कळलं. कान तापले… ते भट्टीमुळे, असं तिने ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आटवणीची तयारी बघायला आला. आटवणी चारला, आत्या आल्यावर होणार होती. बांगडी आणायला सोनाराची लेक घरात गेली, ती पाच मिनिटांत परत आली. तो बेसिनपाशी बाह्या सरसावून उभा होता. बादलीत साबणाचं पाणी, हातात ब्रश. आणि ब्रशच्या टोकाला…

"आत काहीतरी चिकटून बसलं होतं," तो उत्साहाने म्हणाला. "म्हटलं, तुमचा वेळ वाचेल. आमच्याकडे सगळं धुऊनच ठेवतात."

कालची सगळी चकाकी घासून गेली होती आणि माती पाणी प्यायली होती. आता ज्योत दाखवली की फुटणार.

"तू धुतलीस?" तिचा आवाज चिरकला. "मूस धुतलीस तू? मूस कोणी धुतं का रे, शहाण्या?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिने सगळं सांगितलं. आत्या, बांगडी, किल्ली, कुलूप. सांगताना डोळे भरले आणि त्याचाही तिला संताप आला.

त्याने ब्रश बादलीत टाकला आणि म्हणाला, "टोपीचा साचा ओला असतो. आम्ही तो आमच्या भट्टीत ठेवतो. ती पायरीपायरीने तापते, तीन तास लागतात. एक साचा फुटलेला नाही आजवर." अडखळून त्याने पुढे जोडलं, "मुशी फुटल्या, ते खरं."

दुसरा मार्गच नव्हता. तीन तास दोघं त्याच्या भट्टीसमोर बसले. पहिला तास तिने घड्याळावरची नजर काढली नाही.

"सकाळी तू मला तू म्हणालीस," दुसऱ्या तासात तो म्हणाला.

"रागात."

"चालेल. रागात म्हण."

तिने तोंड फिरवलं, कारण हसू येत होतं.

तीन तासांनी तिने मूस वाजवली. खणखणीत! पुन्हा टाकणखार चढवला. चारला आत्या आली, बाबा खुर्ची ओढून बसले. सोनं वितळलं, मुशीत गोल फिरलं आणि एका धारेत साच्यात उतरलं. वजनात घट जवळजवळ नव्हतीच.

बाबांनी निवलेली मूस उचलली. "टाकणखार दोनदा चढवलाय. का?"

"खात्रीसाठी" एवढंच म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं, पण तो आधी बोलला. "मी धुतली होती, काका. सुकवायचं शहाणपण मात्र…"

"…त्याचं," ती म्हणाली. "माझ्याकडून नुसता आरडाओरडा."

"मूस धुतली?" आत्याने त्याला नखशिखांत न्याहाळलं. "तुला तरी घरच्यांनी वाजवून घेतला होता का रे?"

बाबा हसले नाहीत. "चांगली मूस कोणीही वापरेल. बिघडलेली सावरता येते का, तेच मला बघायचं होतं." त्यांनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं आपल्या थरथरत्या हाताने मिटली. मग ते आत्याला घेऊन घरात गेले.

तो दाराशी रेंगाळला. "मी उद्यापासून येऊ नको ना?"

"का?"

"तुला त्रास होतो. आणि मला… तू चिडलेली असलीस तरी इथेच बसावंसं वाटतं. हे बरं लक्षण नाही. प्रेम असावं."

ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. कान त्याच्या कपाळाजवळ नेला आणि नखाने टिचकी मारली.

"तडा आहे का?" त्याने श्वास रोखून विचारलं.

"तडा नाही." ती अजून ऐकतच होती. "ओल आहे. हळूहळू शेकावं लागेल."

"किती वेळ?"

"फार प्रश्न विचारतोस," ती म्हणाली आणि कालचं स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं.