दीडच तास तर आहे!

श्रुतिका आणि देवेश पहिल्यांदा भेटले ते मुलुंड चेकनाक्यावर, एकाच रिक्षात दोन बाजूंनी घुसताना. दोघंही उतरायला तयार नाहीत! "हात आधी मी केला," ती. "थांबली माझ्यासाठी," तो. शेवटी रिक्षावाल्यानंच वैतागून मीटर टाकलं आणि दोघं पवईपर्यंत भांडत गेले. दुसऱ्या दिवशी तो त्याच जागी उभा... रिक्षा थांबवून, तिच्यासाठी. तेव्हापासून वर्षभर रिक्षा एकच. प्रेमाचा शब्द मात्र ना त्याच्या तोंडून निघाला, ना हिच्या.

आज त्याच रस्त्यानं ती त्याला विमानतळावर सोडायला निघाली होती, आणि डोकं नुसतं तापलं होतं. साहेबांना नागपूरला नोकरी लागली होती ना!

"एवढी काय चिडतेस यार? सातशे किलोमीटर फक्त. विमानानं दीडच तास तर आहे!"

"आठवडाभर हेच ऐकवतोयस."

"मग, खोटं आहे का?"

"बाहेर बघ जरा. साकीनाका! मुलुंडहून निघून दीड तास इथेच झाला. तुझं विमान एव्हाना नागपूरला टेकलं असतं आणि आपण इथे हॉर्न ऐकत बसलोय. विमानतळ ते विमानतळ मोजतोस होय रे? माझं घर काय धावपट्टीवर आहे?"

तो हसला. हसला की त्याच्या गालाला ती मेली खळी पडायची. असल्या वेळी माणसानं हसू नये, एवढीही अक्कल नाही! तिच्या ओढणीचं टोक त्याच्या बॅगेच्या चेनमध्ये अडकलं होतं, ते तो हळूच सोडवायला लागला. "राहू दे," ती फणकारली, पण ओढणी काही तिनं ओढून घेतली नाही.

विमानतळाच्या वरच्या गेटपर्यंत रिक्षा चढू देत नाहीत, म्हणून दोघं खालीच उतरले. त्यानं बॅग खांद्याला लावली, उगाच इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, "चल... जातो मग."

जातो!

श्रुतिकाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं घर मूळचं मालवणचं. तिथे कोथिंबीर आणायला निघालेला माणूससुद्धा "येतंय हां" म्हणून निघतो, नाहीतर आई त्याला उंबऱ्यावरून परत बोलावते. जातो कोण म्हणतं? ज्याला परत यायचंच नसतं, तो!

"काय म्हणालास? परत म्हण!"

"श्रुती, लोक बघतायत—"

"बघू देत! येतो म्हणायला जीभ झडते का तुझी?"

आता त्याचाही आवाज चढला. "येतो म्हणू? कोणाकडे येऊ? वर्षभरात तू एकदा तरी म्हणालीस, ये म्हणून? आठवडाभर मी दीड तास, दीड तास ओरडतोय... कशासाठी ओरडतोय असं वाटतं तुला?"

 श्रुतिकाचे डोळे चुरचुरले. रागच असणार, दुसरं काय! तिनं त्याच्या शर्टाची बाही घट्ट धरली.

"आधी नीट निघ," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

देवेशनं बॅग खाली ठेवली, परत खांद्याला लावली. या वेळी खळी पडली नाही.

"श्रुती... येतो."

"ये," ती खेकसली, डोळे पुसत. "आणि सरळ घरी ये, आईला भेटायला. ट्रॅफिक होतं, असली कारणं मी ऐकून घेणार नाही!"