पहिला मासा पाण्याचा

वेद, तो चिकनचा तुकडा तू आत्ता पाण्यात भिरकावलास. पाहिलं मी. ओरडत नाही, पण या इकडे सगळे. मिहीर, रेलिंगवरून उतर आधी. अनया, पोर्चवरचा दिवा बंद कर, किडे जमलेत. पहाटे फिशिंगला जायचंय ना तुम्हाला? मग त्याआधी हे ऐकून घ्या, आणि मध्येच "कम ऑन, काका" म्हणायचं नाही. ही गोष्ट मी कुठे वाचलेली नाही. ज्याच्यावर बेतली तो यतीन माझ्यासमोर बसून बोलला, आणि बोलता बोलता त्याचा चहा तसाच गार होऊन गेला.

दोन हजार तेवीस सालचा ऑक्टोबर. चौदा तारीख, शनिवार, सर्वपित्री अमावस्या. त्यात सकाळी सूर्यग्रहण. त्या दिवशी उत्तराकाकूंनी यतीनला एक काम सांगितलं. त्यांचे यजमान बाळकाका पेडणेकर ऑगस्टमध्ये गेले होते. ते जिथे मासे धरायचे त्या तळ्यावर त्यांच्या नावाने नैवेद्य सोडायचा, आणि धरलेला पहिला मासाही पाण्याला द्यायचा. "ते कधी चुकवायचे नाहीत," काकू म्हणाल्या. "तूच जा. त्यांचा खरा शिष्य तूच."

काम साधंच. पण काकूंनी ग्रहण पाळलं. ग्रहण सुटल्यावर आंघोळ, मग स्वयंपाक, मग पान वाढणं. यतीन प्लेनोच्या घरून निघाला तेव्हा पाच वाजून गेले होते. शेजारच्या सीटवर काकांचा स्टीलचा डबा. डब्यात खीर, वडे, भात. पुढे तीन तासांचा रस्ता, आणि त्या तीन तासांत यतीनच्या डोक्यात काय चाललं होतं ते कळायला तुम्हाला थोडं मागचं सांगायला हवं.

यतीन नागपूरचा. सात पिढ्यांत त्यांच्याकडे कुणी मासा धरला नव्हता. त्याला हा नाद लावला काकांनी. काका मालवणकडचे, शहात्तर साली इंजिनिअर म्हणून इकडे आलेले. रिटायर झाल्यावर सहा महिने टीव्ही पाहून विटले आणि त्यांनी एक चपटी अ‍ॅल्युमिनियमची होडी घेतली. तळं लुइझियानाच्या हद्दीला लागून आहे. नाव सांगत नाही, तुम्ही लगेच गूगल कराल. पाण्यात उभी असलेली सायप्रसची झाडं, फांद्यांवरून जटांसारखं लोंबणारं शेवाळ आणि मगरी. इकडचे लोक गेटर म्हणतात. रात्री टॉर्च मारला की त्यांचे डोळे निखाऱ्यासारखे लाल दिसतात. माणसाच्या वाटेला त्या सहसा जात नाहीत, चाहूल लागली की बुडी मारतात. हे 'सहसा' लक्षात ठेवा.

काकांच्या गावाकडे प्रत्येक जागेला राखणदार असतो. तो दिसत नाही, पण त्याचा वाटा त्याला द्यावा लागतो. म्हणून काका पहिला मासा कधी घरी नेत नसत. एका जाड सायप्रसपाशी होडी नेत, डब्याचं टोपण होडीच्या काठावर तीनदा वाजवत आणि मासा पाण्यात सोडत. तो डबा त्यांना आईने अमेरिकेला निघताना दिलेला. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून देतात, तसं टोपणावर बारीक ठिपक्यांनी त्यांचं नाव आणि तारीख घातलेली. पहिल्या वर्षी मासा नुसता बुडायचा. दुसऱ्या वर्षी झाडामागून एक मगर यायला लागली. तिसऱ्या वर्षी टोपण वाजायचा अवकाश, ती हजर. काका हात जोडत. "आला बघ राखणदार," म्हणत.

होडी बांधलेली असे रॉय नावाच्या एका म्हाताऱ्याच्या धक्क्यावर. हा रॉय तंबाखू चघळायचा आणि बोलण्याआधी पाण्यात एक पिंक टाकायचा. आता तारीख सांगतो, ती विसरू नका. अकरा जून दोन हजार बावीस. शनिवार. त्या दिवशी रॉयने यतीनला बाजूला घेतलं. काका कानातलं मशीन पाण्यात पडेल म्हणून गाडीत ठेवून येत, त्यांना सांगून उपयोग नव्हता. रॉय म्हणाला, म्हाताऱ्याला सांग, गेटरला खाऊ घालणं बंद कर. ज्याला माणसाच्या हातून खायला मिळतं तो माणसाला भीत नाही. उद्या तो आवाज ऐकून येईल, आणि वाजवणारा कोण आहे हे तो बघणार नाही.

यतीन म्हणाला, "येस, सर." आणि काकांना काही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं? दुष्टपणाने नाही. वडिलांच्या वयाचा माणूस, त्याची श्रद्धा, आपण कोण शिकवणार? मौनं सर्वार्थसाधनम् असं आपण मोठ्या ऐटीत म्हणतो. शिवाय खरं सांगायचं तर यतीनलाही ती मगर यायची तेव्हा मजा वाटायची. ऑक्टोबरात रॉयने त्याला विचारलं, "डिड यू टेल हिम?" यतीन पुन्हा म्हणाला, "येस, सर."

नोव्हेंबरमध्ये काकांना स्ट्रोक आला. होडी धक्क्यावरच राहिली. हिवाळा गेला, मगरी जाग्या झाल्या. मे महिन्यात एका संध्याकाळी रॉय धक्क्यावर मासे साफ करून उठला, आणि बादलीतली घाण झटकायला त्याने बादली फळीवर आपटली. किती वेळा आपटली ते कुणी मोजलं नाही. त्याची बायको नीना आत दुकानात होती. ती बाहेर आली तेव्हा फळीवर फक्त बादली होती.

दोन दिवसांनी सरकारी माणसांनी ती मगर मारली. लोक हळहळले, बिचाऱ्याचं नशीब म्हणाले. यतीनने बातमी ऑफिसमध्ये वाचली, आणि खाली येऊन गाडीत बसून राहिला. लंच गेला, दोन मीटिंग गेल्या. काकांना त्याने हे कळू दिलं नाही. काकूंनाही नाही. काका तसेच गेले. रॉयने आधीच बजावलं होतं, हे जगात फक्त रॉयला आणि यतीनला ठाऊक होतं, आणि त्यातला रॉय आता नव्हता.

तर चौदा ऑक्टोबर. यतीन धक्क्यावर पोचला तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. काळोख असा की आपला हात आपल्याला दिसू नये. नीनाने दार उघडलं, होडीची किल्ली दिली, न मागता कॉफी दिली. म्हणाली, रॉयला तुमचे काका फार आवडायचे. यतीनने कप हातात धरला. आज सांगून टाकावं, असं त्याला मनापासून वाटलं. ओठापर्यंत आलंही. पण तो "थँक यू, मॅम" म्हणाला आणि होडीत जाऊन बसला.

कपाळाला दिवा लावला होता. सव्वानऊला गळाला पहिला कॅटफिश लागला, वीतभर. तो घेऊन यतीन त्या सायप्रसपाशी गेला. लांब काठाकाठाने लाल डोळे दिसत होते. पाच, सहा, सात. दूर होते. त्याला बरंच वाटलं. म्हणजे माणसाला भितात अजून. डबा उघडून त्याने टोपण मांडीवर ठेवलं. टोपण वाजवायचं नाही, एवढं त्याने निघतानाच ठरवलं होतं. नैवेद्य सोडला. मासा सोडला. हात जोडले. काका, सांभाळून घ्या, म्हणाला.

झालं. निघायचं.

टक. टक. टक.

यतीनने मांडीकडे पाहिलं. टोपण मांडीवरच होतं.

सुतारपक्षी असेल, त्याने स्वतःला समजावलं. रात्री कुठला सुतारपक्षी? आवाज झाडामागून आला होता. आणि मग त्याच्या लक्षात आलं की बेडूक गप्प झालेत. रातकिडेही. आणि काठचे ते लाल डोळे... एक मिटला. दुसरा मिटला. सात होते. आता एकही नव्हता.

टक. टक. टक.

या वेळी झाडामागून नाही. झाडाच्या अलीकडून.

त्याने छोटी मोटर चालू करायला हात लांबवला. हात पोचेना. म्हणजे पोचत होता, पण बोटं मिटेनात. दिव्याचा उजेड पाण्यावर पडला होता. पाणी सपाट. एक तरंग नाही. नैवेद्याचा वडा अजून तरंगत होता. त्याला कुणी शिवलं नव्हतं.

टक. टक. टक.

होडीच्या खालून. त्याच्या पायांच्या बरोबर खालून. तळव्यांना तो ठोका लागला.

यतीन सांगतो, तिथपर्यंत त्याला मगरच वाटत होती. दुसरी एखादी, तेच शिकलेली. म्हणजे भीती होती, पण ओळखीची होती. मग मागे, होडीच्या शेपटाकडे, कुणीतरी पाण्यात पिंक टाकली.

तो वळला नाही.

तंबाखूचा वास आला. अगदी मानेजवळ. आणि आवाज. रागाचा नाही. संध्याकाळी धक्क्यावर उभा राहून माणूस सहज विचारतो, तसा.

"डिड यू टेल हिम?"

यतीनचं तोंड उघडलं. नाही म्हणायचं होतं त्याला. शपथेवर सांगतो तो मला, 'नाही'च म्हणायचं होतं. पण इतक्या वर्षांची सवय... वयस्क माणसाने विचारलं... आणि तोंडातून काय निघालं?

"येस... सर."

...

काही झालं नाही. कुणी हसलं नाही, कुणी ओरडलं नाही. फक्त मांडीवरचं टोपण हललं. आपोआप. सरकलं. काठावर गेलं. आणि पाण्यात उतरलं. पडलं नाही. उतरलं. पाण्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

मग बेडूक पुन्हा ओरडायला लागले.

धक्क्याला तो कसा लागला त्याला आठवत नाही. किल्ली त्याने नीनाच्या पायरीवर ठेवली आणि निघाला. रात्री एकला प्लेनो. बिनटोपणाचा डबा शेजारच्या सीटवर. घरात सगळे दिवे लावून तो उजाडेपर्यंत बसला.

रविवारी सकाळी सातला काकूंचा फोन. "अरे, टोपण दाराशी ठेवून गेलास, बेल तरी वाजवायची. ओलंच ठेवलंस ते." मग म्हणाल्या, "आणि हे त्यावर काय घालून घेतलंस? ये जरा."

यतीन गेला. टोपण पाहिलं, तर काकांच्या नावाखाली आणखी एक ओळ होती. त्यानंतर त्याने सगळं सांगितलं. जून, ऑक्टोबर, मे, काल रात्र.  आपल्या माणसाने स्वतःच्या हातांनी त्या मगरीला काय शिकवून ठेवलं हे काकूंना त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. मग त्या उठल्या, चपला घातल्या. म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? जिचा माणूस गेला तिला सांग. चल, मी येते."

दोघं पुन्हा तीन तास गाडीने धक्क्यावर गेले. नीनाने उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. एकच विचारलं, रॉयने तुला हे कधी सांगितलं होतं? नक्की दिवस यतीनला आठवेना. त्याने फोन काढला. त्या दिवशी काकांना मोठा मासा लागला होता, त्याचा फोटो होता, त्यावर तारीख होती. त्याने ती वाचून दाखवली. नीना आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. माफ केलं की नाही, आजपर्यंत माहीत नाही. यतीन दर वर्षी जातो. दार उघडत नाही.

टोपण काकूंना घरात नको झालं. मी घेऊन गेलो. गेल्या डिसेंबरात पुण्याला गेलो तेव्हा भांड्यांवर नावं घालणाऱ्या एका म्हाताऱ्याला दाखवलं. म्हटलं, खालची ओळ घासून काढता येईल का? त्याने भिंग लावलं, बोट फिरवलं. म्हणाला, साहेब, हे मशीनचं काम नाही, हाताने ठोकलेलं आहे. दोन्ही ओळी एकाच हाताच्या. एकाच दिवशीच्या. पन्नास वर्षं तरी झाली असतील. मग टोपण परत माझ्याकडे सरकवलं, आणि हात धुवायला गेला.

वेद, माझ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात रुमालात बांधलेलं आहे, आण ते. हां. अनया, तू रविवारच्या मराठी शाळेत जातेस ना? टॉर्च धर. हात नको लावूस, नुसतं वाच. सावकाश.

वरची ओळ... "चि. बाळ पेडणेकर. तीन, नऊ, शहात्तर." बरोबर. ती त्यांच्या आईने घातलेली.

आता खालची.

"चि. यतीन..."

वाच. थांबलीस का?

"...अकरा, सहा, बावीस."