गुरुवारची सुरमई

"चोर मिळालाय मॅडम, फक्त गाडी मिळायची आहे," फोनवरचा माणूस म्हणाला, आणि पीएसआय अक्षता मोंडकरला तो तिथेच आवडेनासा झाला. सकाळी सकाळी फोन करून पोलिसांचा तपास स्वतःच आटपून टाकणारे लोक तिच्या डोक्यात जात. चेंबूरमध्ये प्रत्येक सोसायटीत असा एक तरी असतो आणि नेमका तोच चेअरमन होतो.

हे चेअरमन म्हणजे चंद्रप्रकाश धुरी. त्यांच्या सोसायटीच्या भिंतीलगत माहूलची सगुणा कोळीण मासे विकायची. आयुष्यभर डोक्यावर टोपली घेऊन हिंडली आणि गेल्या वर्षी तिने सरकारी योजनेतून बर्फपेटीची तीनचाकी घेतली. काही हिस्सा सरकारचा, बाकीचा तिचा. ती गाडी आज पहाटे गायब झाली होती. सगुणाच्या नवऱ्याने, महादूने, ती पळवताना आपण डोळ्यांनी पाहिलं, असं धुरींचं म्हणणं.

अक्षता हवालदार कुंडलिकला घेऊन निघाली. कुंडलिकने बसल्या बसल्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी उघडली.

"आज काय, तुम्हीपण?"

"मार्गशीर्षातला गुरुवार, मॅडम. घरात बायको घट मांडते. मी वेगळं खाल्लं तर उद्यापासून डबाच बंद."

गेटजवळ महादू उकिडवा बसला होता आणि सोसायटीतले दोन रिकामटेकडे त्याच्यावर पहारा करत होते. शेजारी सगुणा उभी होती. ती रडत नव्हती, पण तिचा चेहरा रडून झाल्यासारखा होता.

"शनिवारी मत्स्यखात्याचे सायेब गारी तपासाला येनार," ती म्हणाली. "गारी दिसली नाय तर म्हननार, बाईनं इकली. दिलेलं सगलं परत घेनार आनि ह्याला आत टाकनार. मग मी काय करू, सांगा."

अक्षताने वही काढली. तिच्या पगारातून दर महिन्याला कर कापला जायचा आणि तो कोणाच्या घशात जातो याबद्दल तिची मतं काही गोड नव्हती. अनुदानाचं नाव काढलं की तिला हात पसरून बसलेले लोक दिसायचे. गाडी विकून चोरीची बोंब मारायची, हे तर तिने नोकरीत चिक्कार पाहिलं होतं.

"गाडी कुलूपबंद होती?"

"व्हती. काच फुटल्याचा तुकडापन नाय परलेला."

"चाव्या किती?"

"दोन. एक माज्या कमरंला. दुसरी वाचमनकरं, पान्याचा टँकर आला की गारी बाजूला घ्याला लागते."

"रात्री इथे का ठेवलीस?"

"कोलीवाऱ्यात लगीन हाय, मांडवानं रस्ता अडलाय. आनि आज धंदाच नव्हता. पेटी धुवून कोरी करून ठेवलेली."

अक्षता महादूकडे वळली. "पहाटे कुठे होतास?"

"खाडीवर. जाली सोरवत व्हतो."

"कोणी पाहिलं?"

"मासल्यांनी," महादू म्हणाला. त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता, नुसता कंटाळा होता.

वॉचमन धोंडिराम केबिनच्या दारात चावी दाखवायला तयारच उभा होता. चावी खिळ्यावर होती.

"पहाटेही होती?"

"असणार ना मॅडम. मी पाहिली नाही. उजाडायच्या आधी धुरीसाहेबांनी गच्चीवर पाठवलं, टाकीत पाणी चढतंय का बघ म्हणाले. खाली आलो तर गाडी नाही. मला वाटलं, बाई घेऊन गेल्या."

"नंतर इथे कोण आलं?"

"कोणी नाही. साहेब तेवढे आले, उजाडल्यावर. रिक्षावाल्याला द्यायला सुट्टे नव्हते म्हणून केबिनमध्ये हात घालून माझ्या डब्यातले घेतले." धोंडिरामने आवाज खाली आणला. "अजून दिले नाहीत."

धुरींचं घर तिसऱ्या मजल्यावर. दिवाणखान्यात पाटावर घट मांडला होता, कलशात आंब्याचा टाळा, पुढे पाच फळं. धुरींची बायको मालन पोथी मिटून उठली, अक्षताला नमस्कार केला आणि फराळाचं बघते म्हणून आत गेली. भिंतीवर एक मोठा फोटो होता. शहापूरच्या शेतात, एका कोरड्या खड्ड्याच्या काठावर, डोक्याला टोपी घालून धुरी.

"तुमचं शेत?"

"छंद हो, छंद. शेततळं खणतोय." धुरी सोफ्यात रेलले. "पण मी तुम्हाला मुद्द्याचं सांगतो. सकाळी मी खाली उतरलो ते मासे घ्यायला. हिने बजावलं होतं, आज सुरमई आणा म्हणून. म्हटलं, गर्दी व्हायच्या आत चांगली बघून ठेवू. बघतो तर महादू गाडी घेऊन सटकतोय."

"हाक मारली नाहीत?"

"मारून काय उपयोग? ही माणसं ऐकतात का?" त्यांना आता चांगलाच सूर लागला. "अहो, मुळात गाडी हिला दिलीच कशाला? मासे विकते ना, मग कमव आणि घे. शेतकऱ्याला पंप, कोळ्याला गाडी, आणि भरायचं कोणी? आपण. माझ्या वडिलांची मिल बंद पडली तेव्हा कोण आलं होतं अनुदान घेऊन? मी गोदीत टेम्पो चालवून वर आलो, कोणापुढे हात पसरला नाही. आणि ही माणसं बेरकी किती, बघा. बाईच्या नावावर घेतली की साठ टक्के सरकारचे, पुरुषाला चाळीसच, म्हणून गाडी बायकोच्या नावावर. दारावर ठसठशीत अक्षरांत तिचं नाव रंगवलं की झाली लाभार्थी. साहेब येतो, फोटो काढतो, जातो. परत कोण बघतंय?"

यातलं अर्धं अक्षताने स्वतःच चहाच्या टपरीवर कितीदा तरी ऐकवलं होतं. पण या तोंडातून ते ऐकताना तिला शिळ्या तेलाचा वास आल्यासारखं झालं.

खाली येऊन तिने कुंडलिकला बाजूला घेतलं. "गोवंडी, चेंबूर, जिथे जिथे गाड्यांवर नावं रंगवतात तिथे जा. बर्फपेटीची तीनचाकी विचारा."

"चोरबाजारात नको?"

"विकायला नेली असती तर तिकडे पाठवलं असतं."

दुपार कलल्यावर कुंडलिकचा फोन आला. अक्षताने सगुणाला, महादूला आणि धोंडिरामला तिसऱ्या मजल्यावर बोलावलं. सगुणा दाराबाहेरच थांबली. इतक्या वर्षांत ती या इमारतीच्या जिन्यावरसुद्धा चढली नव्हती.

"आत ये मावशी," अक्षता म्हणाली. "मालनताई, तुम्हीही बसा. मला सांगा, आज तुम्ही यांना सुरमई आणायला सांगितली होती?"

मालनने आधी घटाकडे पाहिलं, मग अक्षताकडे. "आज? मार्गशीर्षातल्या गुरुवारी? या घरात? लग्न होऊन आले तेव्हापासून गुरुवारी अंड्याचं टरफलही आलं नाही."

धुरी हसायला गेले. "म्हणजे, उद्यासाठी म्हणून..."

"उद्याची सुरमई आज पहाटे कोणाकडून घेणार होतात?" अक्षता म्हणाली. "सगुणाची पेटी धुऊन कोरी होती. तिची गिऱ्हाईकं कोण आणि आज त्यांच्या घरी काय असतं, हे तिला पक्कं ठाऊक. माझ्या हवालदाराला ठाऊक. ठाऊक नाही ते एकट्या तुम्हाला, कारण स्वयंपाकघरात काय शिजतं ते तुम्हाला फक्त ताटात दिसतं. कोळणीकडे जायचं कारण हवं होतं, म्हणून सुचला मासा. घरातला घट ओलांडून गेलात आणि वार विसरलात."

"एका माशावरून तुम्ही मला..."

"माशावरून फक्त एवढं कळलं की तुम्ही खोटं बोलताय. मासे घ्यायला खाली उतरलेला माणूस रिक्षातून परत कसा येतो? धोंडिरामला तुम्ही गच्चीवर धाडलंत, खिळ्यावरची चावी काढलीत आणि गाडी नेलीत. टेम्पो चालवून वर आलात, हे तुम्हीच अभिमानाने सांगितलंत. परत आलात तेव्हा सुट्ट्यांच्या निमित्ताने केबिनमध्ये हात घातलात आणि चावी जागच्या जागी ठेवलीत. मग मला फोन. सगळी पोलीस चौकी कोळीवाड्यात शोधत बसावी म्हणून."

"मला काय करायचीय ती घाणेरडी गाडी?"

"तेच मला कळत नव्हतं. मग तुमचं भाषण आठवलं. अनुदानावर थुंकणाऱ्या माणसाला बाईचे साठ आणि पुरुषाचे चाळीस कशाला पाठ असतील? दारावर नाव रंगवायचं असतं, साहेब येऊन फोटो काढतो, हे त्याला कोणी सांगितलं? मालनताई, तुमची माशांची गाडी कुठे असते?"

"माझी?" मालन म्हणाली. "मला सायकलसुद्धा येत नाही. गेल्या वर्षी यांनी कुठेतरी सह्या घेतल्या होत्या. शेताच्या कामाच्या, म्हणाले."

"शेततळ्यातले मासे बाजारात न्यायला तुमच्या नावावर बर्फपेटीची गाडी मंजूर आहे. मत्स्यखात्याला मी विचारलं. खोट्या बिलावर पैसे उचलले, गाडी कधी घेतलीच नाही. तळ्यात मासा तर सोडाच, पाणी नाही. आणि शनिवारी तपासणी शहापूरलाही आहे. साहेबाला दाखवायला एक गाडी हवी होती. समोर भिंतीला उभी होती."

तिने बाल्कनीचं दार उघडलं. खाली कुंडलिक तीनचाकी आत घेत होता. दारावरचं सगुणाचं नाव खरवडून काढलेलं आणि त्यावर निळ्या रंगात, अजून ओलं, 'मालन चंद्रप्र' एवढंच.

"गोवंडीच्या पेंटरकडे होती. नवी नंबरप्लेटही सांगून ठेवली होतीत. तो मजुरी मागत होता, तीही दिली नाहीत म्हणे."

धुरींचा चेहरा उतरला, पण तोंड थांबेना. "सगळेच घेतात, मॅडम. मी एकटा आहे का? आणि ते सरकारचंच होतं ना? हिचं काय गेलं होतं त्यात?"

सगुणा पुढे आली. तिने दोन्ही हात पुढे केले, मनगटं मोकळी.

"माज्या पाटल्या," ती म्हणाली. "आयशीनं दिलेल्या."

अक्षताला स्वतःचीही जरा लाज वाटली आणि त्यामुळे धुरींचा राग दुप्पट आला.

"अनुदान द्यावं की देऊ नये, यावर माझं मत तुमच्यापासून फार लांब नव्हतं, धुरी," ती म्हणाली. "पण तुमच्या पंगतीला बसायचं म्हटलं की मला ते मतच नकोसं होतं. तिने आपला हिस्सा घातला. तुम्ही काय घातलंत? बायकोची सही. चला."

धुरी जागचे हलले नाहीत. ते बायकोकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "मालन, अगं सांग ना यांना. तू गाडी घेतली होतीस, ती रंगवायला दिली होती, पेंटरने चुकून हिची नेली. तुझं नाव आहे त्यावर. तू सांगितलंस तर मिटेल सगळं."

मालनने समईत तेल घातलं, वात सारखी केली.

"आज गुरुवार आहे," ती म्हणाली. "खोटं बोलायचं नाही."

"मग उद्या तरी..."

"उद्या सुरमई आणायची आहे," मालन म्हणाली आणि समोर उभ्या सगुणाकडे वळली. "चांगली मोठी बघून ठेव गं. मी स्वतः खाली येईन."