खाणीतली तांबडी रेघ

बंद पडलेल्या खाणीतलं पाणी जातं कुठे, हे शर्वरीला काही केल्या कळत नव्हतं. पावसाळ्यात खाण काठोकाठ भरे. दिवाळीनंतर पाणी उतरू लागे आणि भिंतीतल्या तांबड्या रेघेपाशी येऊन थांबे. पाणी टिकत नाही, म्हणून गावाने खाण राडारोड्याने बुजवायचं ठरवलं होतं. सरपंच होती शर्वरीची आई.

तालुक्याहून आलेला टिकाव नावाचा यंत्रमानव खाणीची शेवटची तपासणी करत होता.

"वर काळा दगड, खाली काळा दगड. मध्ये ही तांबडी माती शिरली कशी?" शर्वरीने त्याला विचारलं.

"शिरली नाही. माती आधीची आहे, वरचा दगड नंतर आला."

शर्वरी आणखीच गोंधळली. दगड कुठून येणार?

टिकाव समजावू लागला, "कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे लाव्हा (जमिनीच्या पोटातून आलेला वितळलेला खडक) वाहिला. थिजून त्याचा बेसाल्ट (काळा कातळ) झाला. ऊनपावसाने वरचा थर झिजून त्याची माती झाली. तिच्यावर पुन्हा लाव्हा आला आणि माती भाजून तांबडी झाली. हा घट्ट थर पाणी सहजासहजी खाली सोडत नाही."

"पण पाणी उतरतं तर खरं."

"वरच्या कातळाला भेगा आहेत. काही थिजताना पडल्या. रेल्वेच्या रुळांखालच्या खडीसाठी इथे वर्षानुवर्षं सुरुंग उडवले, त्यांमुळे त्या वाढल्या. पाणी त्यांतून आडवं सरकतं."

"कुठे?"

"ते मलाही ठाऊक नाही."

रेघ मात्र उताराकडे कललेली होती. दोघं त्या दिशेने उतरत खालच्या आळीच्या विहिरीपाशी आले. शर्वरी वाकून पाहते तो काय, विहिरीच्या भिंतीतही तशीच तांबडी रेघ, आणि तिच्या वरून पाणी झिरपत होतं.

"हे खाणीचंच कशावरून?" शर्वरीने घरी येऊन सांगितलं तेव्हा आई म्हणाली. "नक्की कळलं, तर मी काम थांबवते."

खाणीत रेघेचं उताराकडचं टोक अजून पाण्याखाली होतं; तिथे टिकावने निरुपद्रवी हिरवा रंग सोडला. शर्वरी रोज विहिरीत डोकावे. पाणी आपलं नितळच. आपलं चुकलं की काय, असं तिला वाटू लागलं. राडारोड्याचे ट्रक यायची वेळ झाली, तेव्हा कुठे पाण्यावर फिकट हिरवी झाक दिसली.

शर्वरीने बोलावल्यावर आईने विहिरीत वाकून पाहिलं. मग फोन लावला. "ट्रक परत न्या. आमची विहीर या खाणीच्या पाण्यावर जगते."

शर्वरी समोरच्या डोंगराकडे बघत होती. तिथेही एक खाण ओस पडली होती.

"तिच्यात रेघ असेल का रे?"

"सांगता येत नाही," टिकाव म्हणाला.

"मग चल, बघून येऊ."